चंपारण्यातल्या निळीच्या कुळांचा लढा (1917): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेच्या पुस्तकात चंपारण्यावर दोन-तीन ओळी असतात. गांधीजी गेले, सत्याग्रह केला, शेतकरी सुटले. मग कुणी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करताना, कुणी भाषण लिहिताना, तर कुणी नुसत्या कुतूहलाने तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतं. ते प्रश्न आणि त्यांची जरा सविस्तर उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

चंपारण्य नेमकं कुठे?

बिहारच्या वायव्य टोकाला, नेपाळला लागून. तेव्हा हा एकच जिल्हा होता आणि मोतीहारी हे त्याचं मुख्य ठाणं. आता पूर्व आणि पश्चिम चंपारण असे दोन जिल्हे आहेत. 1917 मध्ये इथली वस्ती सुमारे 19 लाखांची होती आणि बहुतेक सगळी शेतीवर जगणारी. गंडक नदीचा गाळाचा प्रदेश, जमीन कसदार. दुखणं नेमकं तिथेच होतं, कारण निळीला चांगलीच जमीन लागते.

गोरे साहेब त्या जमिनीचे मालक होते का?

बहुतांश ठिकाणी नव्हते. जिल्ह्याचा मोठा भाग बेतिया संस्थानच्या जमीनदारीत होता, उरलेला रामनगर आणि मधुबन या जमीनदाऱ्यांकडे. बेतिया कर्जात बुडालं, विलायतेत कर्ज काढावं लागलं आणि फेडीची हमी म्हणून गावंच्या गावं निळीच्या कोठीवाल्यांना, म्हणजे निळीचे कारखाने चालवणाऱ्या गोऱ्या साहेबांना, ठेक्याने दिली गेली. काही ठेके ठरावीक मुदतीचे, तर काही कायमचे. 1897 पासून संस्थानचा कारभार कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे, म्हणजे सरकारच्याच हातात होता.

कागदोपत्री कोठीवाला हा ठेकेदार. कुळाच्या दृष्टीने मात्र खंड वसूल करणारा तोच, दंड ठोकणारा तोच, आणि तंट्याचा निवाडा करणाराही तोच. जिल्ह्यात अशा साठ-सत्तर कोठ्या होत्या: मोतीहारी, पिपरा, तुरकौलिया, बेलवा वगैरे. लोक त्यांना ‘निलहे साहेब’ म्हणत.

‘तीनकठिया’ म्हणजे काय?

तिकडे वीस कट्ठ्यांचा एक बिघा. दर बिघ्यातल्या तीन कट्ठ्यांवर कुळाने नीळ लावलीच पाहिजे, ही अट म्हणजे तीनकठिया. आधी पाच कट्ठे होते. 1860 च्या दशकात रयतेने ओरड केल्यावर तीनवर आले.

तीन कट्ठे म्हणजे शेकडा पंधरा. आकडा ऐकून हे काही फार नाही असं वाटतं, आणि कोठीवालेही हेच म्हणत. पण कोणते तीन कट्ठे, हे कोठीचा माणूस ठरवायचा आणि तो शेतातला सर्वांत चांगला तुकडा धरायचा. मोबदला मालाच्या वजनावर नव्हता, क्षेत्रावर ठरलेला होता, आणि तो बाजारभावाशी काहीही संबंध नसलेला. पीक बसलं तर त्याहून कमी. ऐन पेरणीत कोठीचं काम आधी, स्वतःच्या भाताचं नंतर.

पुढचं सगळं कोठीत चालायचं. कापलेला पाला वरच्या हौदात भिजत घालायचा, आंबलेलं पाणी खालच्या हौदात सोडायचं, ते तासन्‌तास घुसळायचं. तळाशी निळा गाळ बसला की तो उकळायचा, दाबायचा आणि वड्या पाडायच्या. या वड्या कलकत्त्यामार्गे युरोपात जात. नफा होता तो वडीत. पाला पिकवणाऱ्याच्या वाट्याला त्यातलं काही येत नव्हतं.

कृत्रिम रंग आल्यावर निळीचा धंदा बसलाच होता ना? मग 1917 मध्ये भांडण कशाचं?

हा प्रश्न विचारणाऱ्याचं मी मनापासून कौतुक करतो, कारण चंपारण्याची खरी गोम इथेच आहे.

1897 मध्ये जर्मनीतून कृत्रिम नीळ बाजारात आली आणि नैसर्गिक निळीचे भाव कोसळले. कोठीवाल्यांना आता नीळ नकोशी झाली. मग त्यांनी कुळांना सांगितलं, ‘चला, निळीच्या अटीतून तुम्हाला मोकळं करतो. त्याबद्दल पैसे द्या.’ म्हणजे धंदा बुडाला साहेबाचा, आणि तोटा भरून द्यायचा रयतेने.

कायमचा ठेका असलेल्या गावांत खंड वाढवून घेतला, त्याला ‘शरहबेशी’ म्हणत. वाढ पन्नास-साठ टक्क्यांपर्यंत गेली. बंगाल कुळकायद्यात रुपयामागे दोन आण्यांपेक्षा जास्त वाढ करता येत नव्हती. पण विशिष्ट पीक घेण्याच्या अटीवर कमी खंडाने दिलेल्या जमिनीला, ती अट सोडताना, अपवाद होता. कोठीवाल्यांच्या वकिलांनी तोच अपवाद हेरला आणि अशा हजारो करारांची रीतसर नोंदणी झाली. मुदतीचा ठेका असलेल्या गावांत खंड वाढवून उपयोग नव्हता, कारण मुदत संपल्यावर वाढीचा फायदा संस्थानला मिळाला असता. तिथे एकरकमी ‘तावान’ घेतला, बिघ्याला शंभर रुपयांच्या आसपास. रोख नसेल त्याच्याकडून रोखे लिहून घेतले आणि त्यावर व्याज लावलं.

त्यात 1914 मध्ये महायुद्ध सुरू झालं. जर्मन रंग येईनासा झाला, निळीला पुन्हा भाव आला आणि कोठ्यांचे हौद पुन्हा भरू लागले.

निळीखेरीज आणखी काय द्यावं लागे?

‘अबवाब’, म्हणजे खंडाव्यतिरिक्तच्या बेकायदा पट्ट्या. त्यांची यादी चाळीसच्या वर जाते. बाप मेला आणि जमीन मुलाच्या नावावर करायची, तर ‘बपही-पुतही’. घरात लग्न, तर ‘मडवच’. विधवेचा पाट लागला, तर ‘सगौरा’. साहेबाने घोडा घेतला, तर ‘घोडही’. हत्ती घेतला, तर ‘हथियही’. होळीला ‘फगुआही’. पाटाचं पाणी मिळो न मिळो, ‘पैनखर्चा’ ठरलेलाच.

नाही म्हणणाऱ्याची गुरं कोंडवाड्यात जात. दारावर शिपाई बसे, न्हाव्या-धोब्याला त्याच्याकडे जायला मनाई होई, आणि मारहाण तर होतीच. मी ही यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा रकमांपेक्षा वसुलीच्या निमित्तांनी जास्त अस्वस्थ केलं. जन्म, लग्न, मरण, सण, यांतलं काहीच त्यांनी सोडलं नव्हतं.

गांधीजींच्या आधी कुणीच लढलं नव्हतं का?

लढले होते. बंगालमध्ये 1859-60 ला निळीविरुद्ध मोठा उठाव झाला आणि सरकारला आयोग नेमावा लागला. त्यानंतर धंद्याचा भर बिहारकडे सरकला. चंपारण्यातही 1907-08 मध्ये ‘साठी’ नावाच्या भागात शेख गुलाब आणि शीतल राय यांच्या पुढाकाराने कुळांनी नीळ लावायला नकार दिला होता. सरकारने पोलिस बसवले, माणसं तुरुंगात घातली, चौकशी केली. तिचा अहवाल मात्र बाहेर आला नाही.

पीर मुहम्मद मुनिस कानपूरच्या ‘प्रताप’मध्ये चंपारण्याबद्दल सातत्याने लिहीत होते. बिहारमधले वकील ब्रजकिशोर प्रसाद विधिमंडळात प्रश्न विचारत होते. गांधीजी आले तेव्हा जमीन नांगरून तयार होती. ‘गांधींनी झोपलेल्यांना जागं केलं’ असं जे म्हटलं जातं, ते त्या माणसांवर अन्याय करणारं आहे.

राजकुमार शुक्ल कोण?

बेतियाजवळच्या भागातले एक शेतकरी. अगदी कंगाल नव्हते. थोडी ऐपत होती, पण कोठीवाल्याशी वैर पत्करून त्यांनी ती पणाला लावली. डिसेंबर 1916 मध्ये लखनौ काँग्रेसला ते गांधीजींना भेटले. चंपारण्याचा ठराव मांडा म्हणाले. स्वतः पाहिल्याशिवाय बोलणार नाही, असं गांधीजींनी सांगितलं आणि ठराव ब्रजकिशोर प्रसादांनी मांडला. पण शुक्लजी ऐकतात कुठले? लखनौहून कानपूर, मग थेट अहमदाबादचा आश्रम, आणि शेवटी कलकत्त्याहून बरोबर घेऊनच निघाले.

10 एप्रिल 1917 ला दोघे पाटण्यात उतरले. शुक्लजींनी त्यांना राजेंद्र प्रसादांच्या घरी नेलं. राजेंद्रबाबू गावी नव्हते. नोकरांना हा पाहुणा कोणत्या जातीचा ते कळेना, म्हणून विहिरीवर पाणी काढायची आणि आतला संडास वापरायची बंदी झाली. पुढे राष्ट्रपती झालेल्या माणसाशी गांधीजींचा संबंध असा बंद दारापासून सुरू झाला.

शुक्लजी 1929 मध्ये वारले. टपाल खात्याने 2000 साली त्यांच्यावर तिकीट काढलं.

मोतीहारीच्या कोर्टात काय घडलं?

वाटेत मुझफ्फरपूरला गांधीजींनी कोठीवाल्यांच्या संघटनेचे चिटणीस आणि तिरहुतचे कमिशनर यांची भेट घेतली. पहिल्याने सांगितलं की तुम्ही बाहेरचे, आमच्या आणि कुळांच्या मध्ये पडू नका. दुसऱ्याने निघून जा म्हणून दटावलं. तिथेच त्यांना वकिलांच्या फीचे आकडे कळले. एका कायदेशीर सल्ल्यासाठी दहा हजार रुपये! जिथे रयत इतकी भेदरलेली आहे तिथे कोर्टकज्ज्यांचा उपयोग नाही, आधी भीती जायला हवी, हे त्यांचं मत इथे पक्कं झालं.

15 एप्रिलला ते मोतीहारीला पोहोचले. दुसऱ्या दिवशी एका कुळाला मारहाण झाल्याचं कळलं म्हणून हत्तीवर बसून जसौलीपट्टीकडे निघाले. (तिकडे हत्ती म्हणजे आपल्याकडच्या बैलगाडीइतकं रोजचं वाहन.) चंद्रहिया गावाशी पोलिसाने गाठलं, कलेक्टर साहेबांनी बोलावलंय म्हणाला. परत आल्यावर कलम 144 ची नोटीस हातात पडली: पुढच्या गाडीने जिल्हा सोडा. गांधीजींनी नोटिशीच्या पोचेवरच लिहून दिलं, जाणार नाही.

त्या रात्रीची एक गोष्ट मला कोर्टापेक्षा महत्त्वाची वाटते. गांधीजींनी बरोबरच्या वकिलांना विचारलं, मला तुरुंगात टाकलं तर तुम्ही काय कराल? आधी उत्तर आलं, घरी जाऊ. मग त्यांचं त्यांनाच कसंतरी वाटलं. हा परका माणूस आमच्या शेतकऱ्यांसाठी तुरुंगात जाणार आणि आम्ही बिहारी घरी? ते परत येऊन म्हणाले, आम्हीही मागोमाग येऊ. लगेच कागद काढून कुणी कुणानंतर अटक करून घ्यायची याच्या जोड्या लावल्या गेल्या.

18 एप्रिलला कोर्टाभोवती हजारोंची गर्दी जमली. अधिकाऱ्यांना ती आवरेना, शेवटी आरोपीच गर्दी आवरायला मदत करू लागला. सरकारी वकील तारीख मागत होते आणि आरोपी म्हणत होता, तारीख कशाला, मी गुन्हा कबूल करतो. हुकूम मोडला तो कायदेशीर सत्तेचा अनादर म्हणून नाही, सदसद्विवेकाचा कायदा त्याहून वरचा म्हणून, असं निवेदन त्यांनी वाचलं. मॅजिस्ट्रेटची पंचाईत झाली. निकाल पुढे ढकलला, शंभर रुपयांचा जामीन मागितला. तोही देणार नाही म्हटल्यावर तसंच सोडलं. दोनेक दिवसांतच लेफ्टनंट गव्हर्नर सर एडवर्ड गेट यांच्या हुकमाने खटला काढून घेतला गेला.

पण मग सत्याग्रह झाला कुठे? ना मोर्चा, ना उपोषण, ना खंडबंदी.

रूढ अर्थाने कायदेभंग झाला तो एवढाच, एका नोटिशीचा. पुढचे आठवडे केलं ते एकच काम: कुळांच्या जबान्या लिहून घेणं. मोतीहारी आणि बेतियाला सकाळपासून रांगा लागत. वकील मंडळी टेबलं मांडून बसत. नाव, गाव, कोठी, किती जमीन, काय घेतलं, पावती आहे का?

आणि प्रत्येकाची उलटतपासणी. ज्याची हकिकत टिकायची नाही, त्याची नोंद होत नसे. फुगवून सांगितलेलं एक प्रकरण पुराव्याच्या सगळ्या ढिगाची किंमत घालवतं, हे दक्षिण आफ्रिकेत वकिली केलेल्या माणसाला ठाऊक होतं. गुप्त पोलिस तिथेच बसलेले असत. गांधीजींनी त्यांना हाकललं नाही, उलट खुर्ची दिली. पोलिसासमोर, नावगाव सांगून, अंगठा उठवून साहेबाविरुद्ध बोलायचं. एकदा बोलला तो पुन्हा पहिल्यासारखा घाबरत नव्हता. अशा सुमारे 8,000 जबान्या झाल्या.

माझ्या मते चंपारण्याचं हत्यार हे जबान्यांचं बाड होतं. कोर्टातला प्रसंग नाट्यमय म्हणून लक्षात राहतो, पण सरकार वाकलं ते या कागदांपुढे. खोडून काढता येईल असं त्यात फारसं काही नव्हतं.

बाकीची पथ्यंही कडक होती. काँग्रेसचं नाव घ्यायचं नाही. सभांमधून राजकारण बोलायचं नाही. वर्तमानपत्रांना बातमीदार पाठवू नका अशी विनंती केली गेली. कुळांकडून वर्गणी घ्यायची नाही. गांधीजींचे इंग्रज मित्र दीनबंधू अँड्र्यूज आले होते, त्यांना मंडळी ठेवून घेत होती. गांधीजी म्हणाले की गोऱ्या माणसाचा आधार हवासा वाटणं हीच तुमची कमजोरी आहे, आणि त्यांना ठरल्याप्रमाणे फिजीला जाऊ दिलं. सगळ्या कामाला मिळून तीन हजारांपेक्षा जास्त खर्च आला नाही.

वकिलांची गंमत वेगळीच. प्रत्येकाचा आचारी वेगळा, नोकर वेगळा, जेवण रात्री उशिरा. हळूहळू आचारी घरी गेले आणि सगळ्यांचा स्वयंपाक एका चुलीवर आला. 1917 च्या बिहारात ही गोष्ट जबान्यांइतकीच धाडसाची होती.

हिंसा अजिबात झाली नाही?

कुळांकडून हल्ले झाले नाहीत. त्या काळात एक-दोन कोठ्यांच्या इमारतींना आगी लागल्या आणि कोठीवाल्यांनी बोट चळवळीकडे दाखवलं. मोतीहारी कोठीच्या आयर्विन साहेबाने तर वर्तमानपत्रांत पत्रांची मोहीमच उघडली.

शेवटी मिळालं काय?

जूनमध्ये रांचीला गेट आणि गांधीजी यांची बोलणी झाली आणि चौकशी समिती नेमली गेली. अध्यक्ष फ्रँक स्लाय. हे मध्य प्रांतातले अधिकारी, पुढे नागपूरला गव्हर्नर झालेले तेच. समितीत कोठीवाल्यांचा एक प्रतिनिधी होता, जमीनदारांचा एक, आणि रयतेच्या बाजूने स्वतः गांधीजी. ऑक्टोबर 1917 मध्ये अहवाल आला, आणि तो एकमताचा होता.

तीनकठिया रद्द. अबवाब बेकायदा. शरहबेशीत तुरकौलिया कोठीपुरती 20 टक्के आणि मोतीहारी, पिपरा कोठ्यांत 26 टक्के कपात. तावानाचा चौथा हिस्सा परत. मार्च 1918 मध्ये चंपारण्य शेतकी कायदा मंजूर झाला.

फक्त पंचवीस टक्के? ही तडजोड नाही का?

तडजोडच. पुरावा हातात असताना चौथ्या हिश्श्यावर का थांबले, हा सवाल तेव्हाही झाला. गांधीजींचं गणित असं होतं की रक्कम दुय्यम आहे, साहेबाला परत द्यावी लागते हे कुळाने डोळ्यांनी पाहणं महत्त्वाचं. पुढच्या काही वर्षांत कोठीवाले जमिनी सोडून जाऊ लागले, त्यावरून गणित चुकलं नाही असं म्हणता येतं.

पण दुसरी बाजूही मांडायला हवी. वाढवलेल्या खंडाचा मोठा भाग तसाच राहिला. जमीनदारीला हात लागला नाही. देशी जमीनदार, सावकार आणि भूमिहीन मजूर हे विषय समितीच्या टेबलावर आलेच नाहीत. साहेब गेल्यावर त्यांच्या कित्येक जमिनी गावच्या बड्या शेतकऱ्यांनी आणि साखर कारखान्यांनी घेतल्या. नीळ गेली आणि ऊस आला. ज्याच्या नावावर जमीन नव्हती, त्याचं 1918 नंतर फारसं काही बदललं नाही.

महाराष्ट्राचा याच्याशी काही संबंध?

आहे, आणि बराच. गावांत शाळा काढायच्या ठरल्यावर माणसं हवी होती. मुंबईहून अवंतिकाबाई गोखले आणि त्यांचे पती बबनराव आले, पुण्याहून आनंदीबाई वैशंपायन. बेळगावहून गंगाधरराव देशपांड्यांनी बाबासाहेब सोमण आणि पुंडलिक कातगडे यांना पाठवलं. भारत सेवक समाजाचे डॉ. देव औषधपाण्याला होते.

पहिली शाळा 13 नोव्हेंबर 1917 ला बडहरवा लखनसेन इथे उघडली आणि ती गोखले दांपत्याने चालवली. आठवड्याभराने भितिहरवा, मग मधुबन. आम्हाला नीट हिंदी येत नाही, शिकवणार कसं, ही बायकांची अडचण होती. गांधीजींचं उत्तर साधं होतं. व्याकरण राहू द्या, आधी स्वच्छता आणि चांगल्या सवयी शिकवा. डॉ. देवांचा दवाखानाही तितकाच सुटसुटीत होता: एरंडेल, क्विनाइन आणि गंधकाचं मलम. जीभ पांढरी असेल तर एरंडेल, ताप असेल तर आधी एरंडेल आणि मग क्विनाइन, खरूज-गळवांना मलम.

भितिहरव्याला कस्तुरबा होत्या. जवळच्या वस्तीतल्या बायकांची लुगडी फार मळलेली दिसली, म्हणून त्यांनी एकीला धुण्याबद्दल विचारलं. ती बाई त्यांना झोपडीत घेऊन गेली. म्हणाली, बघा, पेटी नाही, कपाट नाही. अंगावरचं हे एकच लुगडं आहे. धुवायला काढू तर नेसू काय? तिथली शाळा गवताची होती, ती एका रात्री जळाली. आग लागली की लावली, याचा घोळ न घालता सोमण आणि मंडळींनी अंगमेहनतीने विटांची शाळा उभी केली.

अवंतिकाबाईंनी परत आल्यावर 1918 मध्ये गांधीजींचं मराठी चरित्र लिहिलं. त्याला प्रस्तावना लोकमान्य टिळकांची आहे.

आपल्याकडे कुळांचा असा लढा झाला का?

अलिबागजवळच्या चरी गावचा संप वाचा. खोतांविरुद्ध नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी 1933 पासून जमिनी कसणंच थांबवलं आणि ते सुमारे सहा वर्षं टिकवलं. उपासमार झाली, लाकूडफाटा विकून दिवस काढले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि 1937 मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. तिथे जमीनदार देशी होते आणि कुळांचं हत्यार वेगळं होतं. तो स्वतंत्र पानाचा विषय आहे.

तिकडे जायचं तर काय पाहावं?

मोतीहारीत कोर्टाच्या जागेवर गांधी संग्रहालय आणि नंदलाल बोस यांनी आराखडा केलेला 48 फुटी दगडी स्तंभ आहे. चंद्रहियाला नोटिशीच्या प्रसंगाचं स्मारक आहे. बेतियाच्या पुढे भितिहरवा आश्रम जपलेला आहे, वेळ कमी असेल तर मी हाच निवडेन. मोतीहारीत जॉर्ज ऑर्वेलचं जन्मघरही आहे. त्याचे वडील अफू खात्यात नोकरीला होते. अफूच्या सक्तीची कहाणी निळीहून फार वेगळी नाही, पण तिच्या जबान्या इतक्या नेटाने कुणी लिहून घेतल्या नाहीत.